अपुऱ्या शिलकेचा दंड

नौपाडा, ठाणे
२१ एप्रिल २०२५

रवींद्र,

जयभीम. तो मी दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकालाही घालते, तेव्हा तुला घातला म्हणून हुरळून जाऊ नकोस. फोनच करणार होते. पण तू मला ब्लॉक केलंस की मी तुला, हे आता आठवत नाही, आणि ते मोबाईलमध्ये कुठे बघायचं हे ज्याला विचारायचे तो तूच होतास. म्हणून पोस्टाने लिहिते आहे, रजिस्टर्ड, पोचपावतीसकट. पत्र मिळालंच नाही म्हणायची सोय नको.

मुद्द्याचं बोलते. पतसंस्थेतल्या माझ्या खात्यातून पैसे जातायत आणि त्यात तुझा हात आहे असा मला संशय आहे.

जयंतीच्या आधी दुकानात पांढऱ्या साड्यांचे ढीग लागले होते हे तुला वेगळं सांगायला नको. फॉल-पिको करून करून मान धरली. साड्यांचे आगाऊ घेतलेले पैसे मी नऊ तारखेला संस्थेत भरले, कारण दहा तारखेला गाळ्याच्या भाड्याचा चेक लागतो. हा चेक परत गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्र्यंबकशेठ स्वतः चेक हातात धरून दुकानात आले, समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि हसत म्हणाले, "नीलाताई, हे काय झालं?" त्यांचं ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. अर्धा गाळा आपल्या भाच्याला द्यायचा म्हणून ते टपूनच बसलेत.

पासबुक भरून घेतलं. दोन तारखेला 'अपुरी शिल्लक आकार', पाच तारखेला पुन्हा तोच, आठला पुन्हा तोच. दर वेळी अडीचशे रुपये आणि वर कर. खात्यात तेव्हा काही नव्हतं, म्हणून मी पैसे भरल्या भरल्या तिन्ही दंड एकदम वळते झाले. भाड्याला साठ-सत्तर रुपये कमी पडले. मग चेक परत गेला म्हणून चौथा दंड. माणसाकडे पैसे नाहीत म्हणून त्याच्याकडून पैसे घ्यायचे, ही अक्कल कोणाची ते मला शोधायचंय.

आता हे दंड कशाचे ते ऐक. आईला झटका आला तेव्हा आपण दोघांच्या नावाचं खातं उघडलं होतं. दर महिन्याच्या दोन तारखेला माझ्या खात्यातून दोन हजार आणि तुझ्या खात्यातून दोन हजार आपोआप तिकडे जायचे, आणि त्यातून आवडाबाईंचा पगार आणि औषधं भागायची. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं. आवडाबाई आता दुसऱ्या घरी कामाला जातात. पण संस्थेचा संगणक अजून दर दोन तारखेला माझं दार ठोठावतो. पैसे असले तर दोन हजार नेतो, नसले तर दंड लावतो, आणि महिन्यात तीनदा येतो.

हे चालू कोणी ठेवलं? त्या खात्यातून पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतात. माझं खातं रिकामं झालं, गाळा गेला, की मी सहीसाठी तुझ्या दारात येईन, आणि मग तू म्हणशील त्याप्रमाणे वाटण्या होतील, असं काहीसं गणित दिसतंय. विठ्ठलराव तिथे मॅनेजर आहेत आणि तुम्ही दोघं मंडळात कॅरम खेळायचात, हेही मी विसरलेले नाही.

खुलासा लेखी कर.

नीला
(खातेदार)

---

नौपाडा
१३ मे २०२५

रवींद्र,

पोचपावती आली. सही तुझ्या बायकोची, प्रीतीची. म्हणजे पत्र घरात पोचलं, आणि उत्तर द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. चालू द्या.

काल बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. तिथे जाईबाई भेटली, आपल्या चाळीतली, हल्ली संस्थेच्या बाजूच्या दवाखान्यात झाडलोट करते. ती सहज बोलून गेली की तुला तिने संस्थेच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. मी विचारलं कधी, तर म्हणाली मागच्या आठवड्यात, मंगळवार की बुधवार, दुपारच्या वेळी. कामाच्या दिवशी, भर दुपारी, अंबरनाथची कंपनी सोडून तू नौपाड्यात काय करत होतास? माझं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे फिरकला नाहीस.

आज सकाळी मीच संस्थेत गेले. विठ्ठलरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस पहिल्यांदाच चहा मागवतो तेव्हा मी पर्स मांडीवर घेऊन बसते. मी विचारलं, एका हप्त्याला तीन तीन दंड कसे? म्हणाले, "मॅडम, आम्ही काही करत नाही हो. सिस्टीम तीन वेळा ट्राय मारते. प्रत्येक ट्रायला चार्ज पडतो. बोर्डाने पास केलेलं आहे." मी म्हटलं, पहिल्या ट्रायला पैसे नव्हते तर तिसऱ्याला कुठून येणार, खात्यात झाड लावलंय का? त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग मी तुझं नाव काढलं. तर म्हणाले, "हो, रवी येऊन गेला मागच्या आठवड्यात," आणि लगेच जीभ चावली. कशासाठी आला होता विचारलं, तर दुसऱ्या खातेदाराचं सांगता येत नाही म्हणे. मी सख्खी बहीण आहे म्हटलं. म्हणाले, म्हणूनच नाही सांगता येत.

ह्याचा अर्थ काय लावू मी? तूच सांग.

त्यांनी जाता जाता एक सांगितलं, की माझ्या खात्यातून दर महिन्याला दोन हजार वळवायची ती सूचना मी कधीही बंद करू शकते, त्याला तुझी सही लागत नाही. मी म्हटलं बघते. गिऱ्हाईक थांबलं होतं, म्हणून घाईत निघाले. तू मनात म्हणशील, मग ताईने आजवर का नाही बंद केली. तो माझा प्रश्न आहे. तुझं काय ते तू सांग, तुझ्याही खात्यातून ती चालूच असणार.

त्र्यंबकशेठांना मी मे महिन्याचं भाडं रोख दिलं. त्यांनी घेतलं, पण म्हणाले की पुढचे सगळे चेकनेच हवेत, भाडेकरारात तसं आहे.

नीला

---

नौपाडा
१७ जून २०२५

रवींद्र,

तुझी बायको काल दुकानात आली होती. "ताई, मी आलेले ते ह्यांना सांगू नका हां," असं दोनदा म्हणाली. मी लपवाछपवी करत नाही, म्हणून सांगते आहे.

मोठी पिशवी भरून साड्या घेऊन आली. फॉल-पिको करायच्या आहेत म्हणाली, सगळ्या नव्या, वर किमतीच्या चिठ्ठ्या. मी विचारलं लग्न कोणाचं? तर टिटवाळ्यात बिल्डिंगमधल्या बायकांना विकते म्हणे. उल्हासनगरहून आणते, फॉल लावून दिला की शंभर-दीडशे जास्त मिळतात. "मोठी ऑर्डर आहे, रेट थोडा कमी कराल का ताई?" मी एक रुपया कमी केला नाही. सगळ्यांना जो तोच तुला, असं म्हटलं.

आधी मला वाटलं, तूच पाठवलंस तिला. माझा धंदा कसा चाललाय, गल्ल्यात किती असतं, गाळा सुटायला आलाय का, हे बघायला. तिची नजर सारखी दुकानभर फिरत होती. पण मग बघितलं तर ती पंख्याकडे बघत होती. रिक्षा न करता स्टेशनपासून पिशवी घेऊन चालत आलेली, घामाघूम. मी पाणी दिलं.

तुला एवढा चांगला पगार, नव्या बिल्डिंगमध्ये घर, सान्वी कॉलेजला. आणि बायकोला दारोदार साड्या विकायला लावतोस? कशासाठी जमवतोयस एवढे पैसे? घर मोठं घ्यायचंय का? का माझा गाळाच विकत घ्यायचा विचार आहे? त्र्यंबकशेठ गाळा विकायचं बोलत होते, ते तुझ्या कानावर गेलं असेल. तुझ्या कानावर सगळं जातं, माझी पत्रं सोडून.

मी तिला विचारलं, पत्रं मिळतात ना. म्हणाली, "मिळतात ताई. ते वाचतात." मी खोदून विचारलं नाही. साड्या गुरुवारी देते म्हटलं.

नीला

---

नौपाडा
२८ जुलै २०२५

रवींद्र,

या महिन्याचा चेकही परत गेला.

पावसाळ्यात धंदा बसतो हे नवीन नाही. पण मी बरोबर तेवढे पैसे जमवून भरले होते, आणि संस्थेने आधी आपले तीन दंड काढून घेतले. त्र्यंबकशेठ या वेळी हसले नाहीत. खुर्चीवर बसलेही नाहीत. उभ्या उभ्या सांगितलं की ऑक्टोबरपर्यंत बघतो, तोवर आणखी एक जरी चेक परत आला तर दिवाळीच्या आत गाळा मोकळा करून द्यायचा. मशीन कुठे नेऊ मी? चाळीतल्या खोलीत ते दारातून आत जात नाही. एवढी वर्षं त्या अर्ध्या गाळ्याने मला पोसलं, आईला पोसलं, तुझ्या डिप्लोमाची फी भरली. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. गाळा गेला तर काय जाईल ते तुला कळावं म्हणून सांगते.

मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात जाऊन आले. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवतील अशी तयारी ठेवून डबा घेऊन गेले होते. पण एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, दंड किती लावायचा हे संस्थेच्या संचालकांनी ठरवलंय, तर वार्षिक सभेत सभासदच तो कमी करू शकतात. ठराव लिहून आधी द्या, दुसऱ्या एका सभासदाचं अनुमोदन घ्या, आणि तुमच्यासारखे अजून कितीजण आहेत ते सभेत दिसू दे. मला एवढं सोपं सांगितल्यावर त्यांचाही संशय आला, पण नाव-बिव लिहून घेतलं नाही त्यांनी.

ठराव मी दिला. महिन्यातून एकदाच दंड लागावा, आणि तोही पन्नासच्या वर नको. आधी मोबाईलवर कळवावं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी पैसे भरले तर दंडच नको. आणि एका हप्त्यावर पुन्हा पुन्हा कापलेले दंड मागे मिळावेत.

अनुमोदनासाठी मी सगळी आळी पालथी घातली. पिठाच्या गिरणीवाले म्हणाले, आमच्या खात्यात असं कधी होत नाही. लॉन्ड्रीवाले म्हणाले, आम्ही नेहमी पैसे ठेवून असतो. वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर तर म्हणाले, हे असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. खोटं बोलतात सगळे. हेच सर गेल्या महिन्यात काउंटरवर माझ्या पुढे उभे राहून दबक्या आवाजात त्या पोरीला "एकदा माफ करा ना" म्हणत होते, मी कानाने ऐकलंय. पण नौपाड्यातला माणूस पोट दुखतंय सांगेल, खातं रिकामं आहे असं सांगणार नाही. शेवटी कलावतीबाईंनी सही केली, निवृत्त शिक्षिका आहेत त्या. पेन बंद करता करता त्यांनीही बजावलं, "माझ्या बाबतीत नाही हं झालेलं, मी आपली तत्त्व म्हणून करतेय."

सभा एकवीस सप्टेंबरला, रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये आहे. तूही सभासद आहेस. ये आणि माझ्या विरोधात मत दे, म्हणजे विठ्ठलरावांच्या चहाची परतफेड होईल. सभासदांना स्टीलचा डबा भेट मिळणार आहे, तोही घेऊन जा.

नीला

---

नौपाडा
२२ सप्टेंबर २०२५

रवी,

काल तू न बोलता निघून गेलास. मी हॉलच्या बाहेर येईपर्यंत रस्त्यावर कोणी नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

तू आत आलास तेव्हाच मी पाहिलं होतं. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, तोच तो निळा शर्ट. मी कलावतीबाईंना म्हटलं, बघा, आला विरोध करायला. विठ्ठलराव तुझ्याजवळ जाऊन काही बोलले तेव्हा माझी खात्रीच पटली. मग मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

तुला मागे नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे. अध्यक्ष चांगदेवराव माझा ठराव वाचल्यावर काय गोड बोलले. म्हणाले, नीलाताई आपल्या जुन्या सभासद, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हा आकार शिस्तीसाठी आहे, ज्यांना शिस्त आहे त्यांना त्याची काय झळ? संस्थेचं उत्पन्न बुडालं तर लाभांश कमी होईल, तोटा तुमचाच. लाभांश म्हटल्यावर पुढच्या दोन रांगा माना हलवायला लागल्या. मग ते म्हणाले, "आपण असं करू. ज्यांच्या खात्यातून गेल्या वर्षभरात हा आकार कापला गेला, त्यांनी हात वर करावा. किती जणांचा प्रश्न आहे ते तरी कळू दे."

हुशार माणूस. त्यांना माहीत होतं काय होणार ते. हॉल गच्च भरलेला आणि एक हात नाही. लॉन्ड्रीवाले छताकडे बघायला लागले. क्लासवाल्या सरांनी मोबाईल काढला. आणि रवी, मी, जिने ठराव मांडला, जी त्या ऑफिसात डबा घेऊन गेली, माझाही हात मांडीवरच होता. समोर त्र्यंबकशेठ बसले होते. शेजारी माझी गिऱ्हाइकं. मला वाटलं, ठराव मी सगळ्यांच्या वतीने मांडलाय, माझ्या एकटीचा नाही, हात कशाला वर करायचा. अशी मनाची समजूत घालत मी तिथे बसून राहिले.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तू उभा राहिलास. हात वर करून नुसता उभा. चांगदेवरावांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "बोला, काही सांगायचंय?" आणि तू म्हणालास, "जानेवारीत कंपनी बंद झाली. तेव्हापासून दर महिन्याला माझे तीन तीन दंड कापले गेलेत. मला शिस्त आहे साहेब. पगार नाही."

मला एक मिनिट काही कळेना. जानेवारीत. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तू घरी होतास. मंगळवारी दुपारी संस्थेच्या पायरीवर होतास कारण तुला जायला दुसरी जागाच नव्हती. आणि प्रीती साड्या विकत होती कारण घराचे हप्ते भरायचे होते. आणि मी तिला एक रुपया कमी केला नाही.

एवढ्या लोकांसमोर तू हे बोललास. तू, ज्याने दहावीत गणितात कमी पडले तर गुणपत्रिका सायकलच्या सीटखाली लपवली होती.

माझा हात वर गेला तो मी ठरवून केला नाही. तुझा एकट्याचा हात हॉलमध्ये दिसत होता, ते मला बघवेना. मग कलावतीबाईंचाही वर गेला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग गिरणीवाले, लॉन्ड्रीवाले, सर. सरांनी तर दोनदा वर-खाली केला. शेवटी विठ्ठलराव मोजायला उभे राहिले आणि मोजता मोजता थांबले, कारण हात वाढतच होते. चांगदेवरावांनी पाणी मागितलं.

ठराव मंजूर झाला. पन्नासच्या जागी शंभर केले त्यांनी, तेवढी तडजोड मला मान्य करावी लागली. बाकी सगळं तसंच. एप्रिलपासून एकाच हप्त्यावर पुन्हा पुन्हा घेतलेले दंड परत खात्यात येणार आहेत, या आठवड्यातच, असं विठ्ठलराव म्हणाले. त्र्यंबकशेठांनी निघताना मला नमस्कार केला. हात त्यांनीही वर केला होता.

तुझा डबा तू घेतला नाहीस. विठ्ठलराव म्हणाले, भावाचा तुम्ही घेऊन जा. तो माझ्याकडे आहे.

तू का आलास रे? मी तर विरोधात मत द्यायला बोलावलं होतं.

ताई

---

नौपाडा
२६ सप्टेंबर २०२५

रवी,

हे पत्र लहान आहे आणि ह्याचं उत्तर पोस्टाने नको.

दंड परत जमा झाले. आता दहा तारखेच्या चेकपुरते पैसे खात्यात आहेत, त्याच्या वर फार नाहीत. दोन तारखेला सुट्टी आहे, तीनला संगणक पुन्हा येईल आणि या वेळी त्याला पैसे सापडतील. दोन हजार आईच्या खात्यात जातील, चेक परत जाईल आणि त्र्यंबकशेठांनी नमस्कार केला असला तरी दिलेला शब्द ते विसरणारे नाहीत. म्हणून आज सकाळी मी ती सूचना बंद करायला गेले.

काउंटरवर ती पायल नावाची पोरगी असते, चांगली आहे. तिने सगळं भरलं आणि मान वर न करता विचारलं, "बंद करण्याचं कारण सांगा ना ताई, सिस्टीममध्ये टाकावं लागतं."

मला सांगता आलं नाही रवी. दोन शब्दांचं कारण. सगळ्या चाळीला माहीत आहे, विहारात आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, रेशनकार्डावरून नाव कमी करून आणलं, तेही मीच. पण तिथे बाहेर रांग होती, पंखा फिरत होता, ती पोरगी बोटं टाइप करायला उचलून थांबली होती. मी म्हटलं, लाइट आली की येते. लाइट होतीच. ती बिचारी वर दिव्याकडे बघायला लागली.

विठ्ठलराव केबिनमधून बघत होते. मागोमाग बाहेर आले. म्हणाले, मॅडम, दुसऱ्या खातेदाराचं सांगत नसतो, पण एवढं सांगतो. मे महिन्यात रवी ह्याच कामाला आलेला. ह्याच काउंटरवर त्यालाही कारण विचारलं. तो म्हणाला, गाडी रस्त्यात उभी केलीय, बघून येतो, आणि परत आलाच नाही. प्रीती काल साड्या न्यायला आली होती, तिच्याकडून कळलं की गाडी तू फेब्रुवारीतच विकलीस.

मी इतके महिने तुला विचारत होते, ती सूचना तू का चालू ठेवलीस. नोकरी नाही, घरात पैसे नाहीत, दर महिन्याला दंड भरतोयस, आणि तरी आईच्या नावाने दोन हजार पाठवायचं तुला बंद करता आलं नाही. मी त्याचा काय काय अर्थ लावला ते तू चारही पत्रांत वाचलंस. अर्थ माझ्याच घरात होता, मीही ती बंद करत नव्हते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी स्वयंपाकघरात तू विचारलंस, ताई, आता खात्याचं काय करायचं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, उरलेले पैसे मोजायला आलास का. तू फक्त विचारत होतास. मलाही तेच कोणालातरी विचारायचं होतं.

त्या खात्यात बरेच पैसे साठलेत, दोघांच्या सह्यांनी निघतात. ते तू घे. नाही म्हणू नकोस, सान्वीची फी भरायची असेल. नोकरी लागली की हवं तर परत दे, आणि देशील की नाही असा संशय मी घेणार नाही. थोडा घेईन. सवय आहे.

प्रीतीला सांग, दर मी कमी केलेला नाही, पण यापुढे तिचं बिल महिन्याच्या शेवटी चालेल. आणि उन्हातून चालत येऊ नकोस म्हणावं, रिक्षाचे पैसे बिलातून वजा करीन.

बुधवारी, एक तारखेला, अकरा वाजता संस्थेत ये. मी दुकान बंद ठेवून येते आहे. डबा घेऊन येईन, त्यात काही घालून आणीन, रिकामा देत नाहीत. पायल विचारेल, कारण काय. आपल्यापैकी एकाने ते सांगायचं आणि दुसऱ्याने जवळ उभं राहायचं. कोणी सांगायचं ते मी आत्ता ठरवत नाही, तिथे गेल्यावर जो बोलू शकेल तो बोलेल.

पोचपावतीवर या वेळी तुझी सही असू दे.

तुझी ताई